एकच ड्रायव्हर: इअरफोन कुठे पुरतो आणि कुठे कमी पडतो

प्रश्न असा आला आहे: "माझ्याकडे एका डायनॅमिक ड्रायव्हरचा इन-इअर आहे. आवाज आवडतो. पण आता सहा-सहा, आठ-आठ ड्रायव्हरचे इअरफोन दिसतात. एकच ड्रायव्हर एवढी सगळी वाद्यं एकदम कशी नीट वाजवणार? माझं काही ऐकायचं राहून जातंय का? पुन्हा एकाच ड्रायव्हरचा घ्यायचा झाला तर डायनॅमिक घ्यावा की बॅलन्स्ड आर्मेचर? आणि हो, हल्ली डावीकडचा आवाज थोडा बारीक येतो. ड्रायव्हर गेला असेल का?"

स्टेजवर वापरायचे इन-इअर मॉनिटर मोजणं, ट्यून करणं आणि बिघडले की उघडून बघणं, हे काम मी बरीच वर्षं करतो आहे. त्यातून झालेलं मत आधीच सांगून टाकतो. ड्रायव्हर, म्हणजे इअरफोनमधला आवाज निर्माण करणारा भाग, किती आहेत यावरून आवाज कसा असेल हे जवळपास काहीच कळत नाही. (डायनॅमिक आणि बॅलन्स्ड आर्मेचर हे त्याचे प्रकार, त्यांची रचना पुढे सांगतो.) एका ड्रायव्हरला मर्यादा आहेत, खऱ्याखुऱ्या आहेत, पण लोकांना जिथे वाटतात तिथे त्या नाहीत.

"एकच डायफ्रॅम (ड्रायव्हरमधला हलणारा पडदा) सगळी वाद्यं कशी वाजवणार" याला ठरलेलं उत्तर असतं की कानाचा पडदाही एकच असतो. उत्तर बरोबर आहे, पण अर्धं. कारण तसं बघितलं तर स्पीकरलाही एकच कोन (हलणारा शंकूसारखा पडदा) पुरायला हवा होता, आणि तिथे तर वूफर-ट्वीटर वेगळे लागतातच. मग कानात असं काय वेगळं घडतं?

उघड्या खोलीत स्पीकर जो दाब निर्माण करतो तो कोनच्या प्रवेगावर अवलंबून असतो. म्हणजे आवाजाची पातळी तीच ठेवून सूर एक सप्तक खाली नेला, तर कोनला चौपट अंतर हलावं लागतं. दोन सप्तकं खाली गेलात की सोळापट. म्हणून वूफर मोठा लागतो आणि तो डोळ्यांना दिसेल इतका हलतो. मोठा कोन वरचे सूर एका झोतासारखे फक्त समोर फेकतो, त्यामुळे ट्वीटर लहान लागतो. दोन परस्परविरोधी गरजा, म्हणून दोन ड्रायव्हर.

टिप (इअरफोनच्या टोकाची मऊ टोपी) नीट बसलेल्या कानात हे गणित पार बदलतं. टिप आणि कानाचा पडदा यांच्यामध्ये बंदिस्त हवा उरते ती ढोबळमानाने 2 घन सेंटिमीटर. इतक्या लहान बंद जागेत दाब ठरतो तो डायफ्रॅम किती सरकला यावर. खालचा सूर असो की मधला, तेवढ्याच सरकण्याला तेवढाच दाब. सायकलच्या पंपाचं तोंड अंगठ्याने दाबून दांडा जरासा ढकलला की लगेच जाणवतं, तसं. आकडाच काढून बघू. डायफ्रॅमचं परिणामकारक क्षेत्रफळ 50 चौरस मिलिमीटर धरलं, तर 94 डेसिबलसाठी त्याला साधारण 0.28 मायक्रॉन सरकावं लागतं. 114 डेसिबल हवे असतील तर जेमतेम 3 मायक्रॉन. माणसाचा केस 70 मायक्रॉनच्या आसपास जाड असतो. वूफर सेंटिमीटरमध्ये हलतो, इथे आपण केसाच्या जाडीच्या वीस-पंचविसाव्या भागाबद्दल बोलतो आहोत.

म्हणून "एकच डायफ्रॅम खर्जाला जोरात हलत असताना त्यावरच बसलेला व्हायोलिनचा सूर गढूळ होतो" हा युक्तिवाद स्पीकरकडून उसना आणलेला आहे. एवढ्याशा हालचालीत गढूळ व्हायला वावच फारसा नाही. आणि झोताचा प्रश्न तर कानाच्या सात-आठ मिलिमीटर रुंद नळीत उद्भवतच नाही.

मग जास्त ड्रायव्हर आले कुठून? त्याला स्टेजचा इतिहास आहे. 1995 मध्ये व्हॅन हेलन बँडबरोबर काम करणारा साउंड इंजिनिअर जेरी हार्वी याने ड्रमर अ‍ॅलेक्स व्हॅन हेलनसाठी दोन ड्रायव्हरचा मॉनिटर बनवला, आणि त्यातूनच पुढे अल्टिमेट इअर्स ही कंपनी उभी राहिली. ड्रमरला किक ड्रम प्रचंड पातळीवर हवा असतो, तोही आजूबाजूच्या गोंगाटात. श्रवणयंत्रासाठी जन्माला आलेल्या एका छोट्या बॅलन्स्ड आर्मेचरला ते झेपणारं नव्हतं. काम वाटून देणं हा त्यावरचा रास्त उपाय होता. घरी शांतपणे गाणं ऐकणाऱ्याची ती गरजच नव्हती. पण दोनाचे चार झाले, चाराचे आठ झाले, आणि आकडा खोक्यावर आला.

आता मर्यादांकडे येतो. पहिली आणि माझ्या मते सगळ्यात खरी मर्यादा ही: एका ड्रायव्हरमध्ये खर्ज आणि मधले सूर एकमेकांना बांधलेले असतात.

डायनॅमिक ड्रायव्हरमध्ये खर्ज कमी-जास्त करायचा तर हातात असतात मागच्या कप्प्याचं आकारमान, मागचं भोक, पुढचं भोक आणि त्यांवर लावलेली जाळी. मागचा कप्पा लहान आणि बंद असेल तर आतली हवा कडक स्प्रिंगसारखी वागते आणि खर्ज दबतो. मागचं भोक मोकळं केलं की खर्ज उघडतो. पुढच्या बाजूचं बारीक भोक अगदी खालचा खर्ज थोडा सोडून देतं, आणि कानात घालताना डायफ्रॅमवर येणारा हवेचा दाबही. (इअरफोन कानात ढकलताना कर्र असा कागद चुरगळल्यासारखा आवाज आला तर तो डायफ्रॅम दबल्याचा असतो. बहुधा अपाय होत नाही, पण ऐकायला बरं वाटत नाही.) ही सगळी हत्यारं बोथट आहेत. त्यांनी 60 हर्ट्झ वाढवायला गेलात तर 200 आणि 300 हर्ट्झही थोडे वर येतात. म्हणून भरपूर खर्जाच्या एकेरी डायनॅमिकमध्ये पुरुषी आवाज किंचित भरदार, कधी छातीतून आल्यासारखा लागतो, आणि पियानोचा डावा हात जड वाटतो. तबल्याचा डग्गा घुमतो छान, पण ती घुमार गायकाच्या आवाजावर सांडते.

दोन ड्रायव्हरच्या मांडणीत खर्ज आणि मधले सूर यांच्यात भिंत उभी करता येते. खर्जाचा ड्रायव्हर 150 हर्ट्झच्या आसपास फिल्टरने उतरवायला घ्यायचा आणि मधल्या सुरांना हातच लावायचा नाही. शुअर कंपनीच्या एसई846 या इअरफोनमध्ये याच कामासाठी पोलादी पातळ पत्र्यांमध्ये कोरलेली लांब नागमोडी वाट आहे. तिच्यातून जाताना खर्जाच्या ड्रायव्हरचे वरचे सूर गळून जातात. चांगल्या हायब्रिडमध्ये (दोन प्रकारचे ड्रायव्हर असलेल्या इअरफोनमध्ये) "खर्ज खोल आहे पण गायक मोकळा आहे" असं जे वाटतं, ते या भिंतीमुळे. हा फरक मला मान्य आहे आणि तो कानाला कळतो. पण तो आलेखाचा (कोणता सूर किती मोठा वाजतो याच्या रेषेचा) आकार आहे, त्यात जादू नाही. आणि आकार बदलण्याचा एक फुकटचा मार्ग आहे, त्याच्याकडे पुढे येतो.

दुसरी मर्यादा वरच्या टोकाला, आणि तिथे दोष बराचसा ड्रायव्हरचा नसून नळीचा आहे. मोकळा कान साधारण 25 मिलिमीटर लांबीच्या, एका बाजूने बंद नळीसारखा असतो आणि तो 3 किलोहर्ट्झच्या आसपास आवाज स्वतःच वाढवून घेतो. मेंदूला त्याची जन्मापासून सवय असते. टिप घातली की नळी दोन्ही बाजूंनी बंद होते, ती नैसर्गिक वाढ नाहीशी होते आणि नवी वाढ, आलेखातला नवा सुळका, भलत्याच ठिकाणी येते. टिपपासून पडद्यापर्यंत 20 मिलिमीटर उरले तर ती सुमारे 8.5 किलोहर्ट्झवर, 15 मिलिमीटर उरले तर 11.4 किलोहर्ट्झवर. इअरफोन बनवणाऱ्याला म्हणून दोन कामं करावी लागतात: गमावलेले 3 किलोहर्ट्झ नोझल (टिप बसते ती नळी) आणि पुढच्या कप्प्यातून परत आणायचे, आणि नव्या सुळक्याला आवरायचं.

सेनहायझरने 2012 च्या आयई 800 मध्ये याच सुळक्यासाठी एका 7 मिलिमीटरच्या डायनॅमिक ड्रायव्हरपुढे आवाज शोषणारे कप्पे बसवले. 2021 च्या आयई 900 मध्येही ड्रायव्हर एकच, तोही 7 मिलिमीटरचा, फक्त कप्पे तीन. एखादी कंपनी आपल्या सगळ्यात वरच्या इन-इअरमध्ये एकच ड्रायव्हर ठेवते आणि सारी मेहनत त्याच्यापुढच्या हवेवर खर्च करते, यातून अडचण कुठे आहे ते कळतं.

इथे एक सावधगिरी. इअरफोनचे आलेख बहुधा आयईसी 60318-4 प्रकारच्या कपलरवर (मोजमापासाठीच्या कृत्रिम कानावर) काढलेले असतात, आणि मोजणारे लोक इअरफोन मुद्दाम अशा खोलीवर बसवतात की हा सुळका 8 किलोहर्ट्झवर यावा, म्हणजे दोन आलेखांची तुलना करता येते. आलेखात 8 वर टोक दिसलं म्हणून "हा इअरफोन 8 वर टोचतो" असं म्हणणारे मग पुष्कळ भेटतात. तुमच्या कानात ते टोक 7 वर असेल किंवा 10 वर. एकाच इअरफोनबद्दल एक जण "झांजा बोचतात" म्हणतो आणि दुसरा "रेशमासारखा" म्हणतो, तेव्हा बरेचदा दोघेही खरं बोलत असतात.

डायनॅमिक की बॅलन्स्ड आर्मेचर, याचं उत्तर द्यायचं तर आतली रचना बघायला हवी. डायनॅमिक म्हणजे चुंबकाच्या फटीतली कॉइल आणि तिला चिकटलेला डायफ्रॅम, छोटा स्पीकरच. बॅलन्स्ड आर्मेचर, बोलीत बीए, म्हणजे दोन चुंबकांच्या मधोमध तोललेली धातूची पट्टी. तिच्याभोवती स्थिर कॉइल असते, आणि पट्टीच्या टोकाला जोडलेली बारीक काडी डायफ्रॅम हलवते. पट्टी मधोमध तोललेली असते म्हणून थोड्याशा विजेवरही हलते. हा गुण श्रवणयंत्रांना हवा होता, आणि नोल्ससारख्या कंपन्या त्या कामासाठी असे ड्रायव्हर कितीतरी दशकं बनवत आल्या आहेत.

एकेरी बीएचा विषय निघाला की एटिमोटिक ईआर-4 चं नाव घ्यावंच लागतं. नोल्स समूहात बरीच वर्षं काम केलेल्या मीड किलियन यांनी 1983 मध्ये एटिमोटिक रिसर्च सुरू केली आणि 1991 मध्ये ईआर-4 आला. एक बीए, तीन पाकळ्यांची टिप, आणि ती कानात इतकी आत घालायची की नवख्या माणसाला घाबरायला होतं. त्या खोलीची कारणं ध्वनिशास्त्रातली होती. पडद्यापर्यंतची नळी आखूड होते तसा तो सुळका वर सरकतो. बाहेरचा आवाज अडतो, कंपनी 35 डेसिबलच्या पुढचा आकडा सांगते. शिवाय स्वतःचं बोलणं डोक्यात घुमतं तो त्रासही कमी होतो, कारण तो कानाच्या नळीच्या बाहेरच्या मऊ भागाच्या कंपनातून येतो आणि टिप त्याच्या पलीकडे गेलेली असते.

ईआर-4 ची वारंवारतेची मर्यादा कंपनीने 16 किलोहर्ट्झपर्यंतच लिहिली, 40 किलोहर्ट्झची बढाई मारली नाही. त्या आकड्याबद्दल मला कायम आदर वाटत आला आहे. एकेरी बीएची वरची मर्यादा ती तशीच आहे. पट्टी आणि डायफ्रॅमचा मुख्य यांत्रिक अनुनाद 2 ते 3 किलोहर्ट्झच्या पट्ट्यात येतो, त्याच्या वर उतार लागतो, आणि पुढचं काम नळीतले अनुनाद कसंबसं भागवतात. त्यामुळे गायकाचा उच्चार, गिटारच्या तारेवर नख लागल्याचा आवाज, तंबोऱ्याची जवारी हे सगळं लख्ख दिसतं, पण झांजेच्या अगदी वरची ती हवेसारखी झुळूक थोडी आखडते. ज्यांच्या कानांची वरची मर्यादा वयाने आधीच खाली आली आहे त्यांना हे जाणवणारही नाही. हे मी स्वतःकडे बघून बोलतो आहे.

खालच्या टोकाला बीएबद्दल एक गैरसमज आहे की त्यात खर्ज नसतोच. नीट सील झालेला (कानात फट न ठेवता बसलेला) एकेरी बीए 20 हर्ट्झपर्यंत सपाट जाऊ शकतो. खर्ज असतो, फक्त वाढवलेला नसतो. आणि बहुतेकांना इन-इअरमध्ये खर्ज सपाट रेषेपेक्षा वर हवा असतो. शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी श्रोत्यांच्या पसंतीवरून हरमन या ऑडिओ कंपनीचा जो लक्ष्य-आलेख काढला, त्यातही खर्जाचा उंचवटा चांगला घसघशीत आहे. बीएकडून तो उंचवटा मागितला की पट्टी चुंबकांच्या जवळ जाऊ लागते, विकृती (मूळ आवाजात नसलेली भर) वाढते, आणि किक ड्रमचा "धप्" ऐकू येण्याऐवजी त्याची नुसती बातमी पोचते. मोठ्या आवाजात हे स्पष्ट कळतं. डायनॅमिकला तेवढ्या कामात घामही येत नाही.

दुसरं, बीए गळतीला फार नाजूक असतो. तो हलवतो ती हवा मोजकी असते. टिपच्या कडेने जरा फट राहिली की खर्ज वाहून जातो आणि उरतो तो टेलिफोनसारखा आवाज. डायनॅमिकमध्ये बहुतेकदा पुढे एक ठरवून ठेवलेली गळती असतेच, त्यामुळे थोडी जास्तीची फट तो सोसतो. "बीए पातळ वाजतो" म्हणून माझ्याकडे आलेल्यांपैकी कितीतरी जणांचा प्रश्न एक नंबर मोठी टिप देऊन मिटला आहे.

तिसरा फरक विजेच्या बाजूचा. डायनॅमिकचा इम्पीडन्स (विजेला होणारा विरोध) खालपासून वरपर्यंत जवळपास सारखा असतो. बीएचा वरच्या सुरांकडे चढत जातो, कारण कॉइल. समजा बीए 1 किलोहर्ट्झला 30 ओहम आणि 10 किलोहर्ट्झला 100 ओहम आहे. तो 10 ओहम आउटपुट इम्पीडन्सच्या यंत्राला जोडला, तर 1 किलोहर्ट्झला 2.5 डेसिबल कमी होतात, 10 ला जेमतेम 0.8. म्हणजे ट्रेबल (वरचे सूर) आपोआप 1.7 डेसिबल उजळ. 16 ओहमचा डायनॅमिक त्याच यंत्रावर सगळीकडे सारखाच 4.2 डेसिबलने खाली येतो. आवाज थोडा वाढवा, काम झालं. एटिमोटिकने तर या गुणाचा उपयोगच करून घेतला होता: 27 ओहमच्या ईआर-4पी ला 75 ओहमची जोडकेबल लावली की तो 100 ओहमच्या ईआर-4एस सारखा, जरा उजळ वाजायचा. "हा बीए माझ्या फोनवर वेगळा आणि त्या अ‍ॅम्पवर वेगळा वाजतो" असं कोणी म्हटलं तर मी हसत नाही. डायनॅमिकबद्दल म्हटलं तर आवाजाची पातळी सारखी होती का ते आधी विचारतो.

प्लेनरबद्दल थोडक्यात, कारण तेही एकेरीच असतात. सेव्हनहर्ट्झ टाइमलेसमध्ये 14.2 मिलिमीटरचा प्लेनर आहे, पूर्ण पृष्ठभागावर वाहक छापलेला पातळ पडदा. इम्पीडन्स सपाट, खर्ज थेट खालपर्यंत, विकृती कमी. मोठा पडदा कानाजवळ बसवायचा म्हणून कवच मोठं होतं, आणि ऐकलेल्यांपैकी बऱ्याच प्लेनरमध्ये वरच्या ट्रेबलला मला एक चकाकी लागते, जी तासाभराने थकवते. काहींना नेमकी तीच आवडते.

डायफ्रॅमच्या पदार्थावरून होणाऱ्या वादांत मी पडत नाही. बेरिलियमचा लेप, हिऱ्यासारख्या कार्बनचा लेप, एलसीपी नावाचं प्लास्टिक, सगळ्यांचा हेतू एकच: पडदा हलका आणि कडक असावा, म्हणजे तो आपल्याच अंगात मुरडायला लागतो ती वारंवारता वर ढकलली जावी. हेतू चांगला आहे. पण त्याच पदार्थाचे दोन इअरफोन रात्र आणि दिवसाइतके वेगळे वाजलेले मी ऐकले आहेत, आणि वेगळ्या पदार्थाचे दोन, आलेख जुळवल्यावर, ओळखू न येण्याइतके सारखे. "वेगवान ड्रायव्हर" हा शब्दही असाच. ज्याला लोक वेग म्हणतात ते बहुधा 200 ते 300 हर्ट्झची चरबी कमी असणं आणि 4-5 किलोहर्ट्झला थोडी धार असणं, एवढंच असतं.

दुसऱ्या बाजूचीही एक अंधश्रद्धा सांगतो, नाहीतर मी एकेरी ड्रायव्हरचा वकील वाटेन. "एकेरी म्हणजे एकसंध, क्रॉसओव्हर (सूर ड्रायव्हरांमध्ये वाटून देणारी रचना) आला की आवाज फाटतो" हे सरसकट खरं नाही. 2 किलोहर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी 17 सेंटिमीटर असते. दोन ड्रायव्हरमधला तीन-चार मिलिमीटरचा फरक तिथे कसपटासमान. 10 किलोहर्ट्झला मात्र तरंगलांबी 3.4 सेंटिमीटर असते, तिथे 5 मिलिमीटरचा फरक कलेत (फेजमध्ये, म्हणजे दोन तरंगांच्या पुढे-मागे असण्यात) 50 अंशांहून जास्त होतो आणि खड्डा पडू शकतो. चांगला कारागीर नळ्यांच्या लांबीने ते सांभाळतो, वाईट कारागीर सांभाळत नाही. एकेरीचा खरा फायदा असा की त्यात हा खड्डा पाडायची संधीच नसते, आणि बिघडायला जागा कमी असतात.

या साधेपणाचा आणखी एक फायदा आहे आणि तो बहुतेक जण वापरतच नाहीत. एकेरी इअरफोन इक्वलायझरला फार सरळ उत्तर देतो. त्याच्या आलेखातला फुगवटा आणि त्याचं वेळेतलं वागणं एकमेकांशी बांधलेलं असतं, त्यामुळे फुगवटा काढला की घुमारही जाते. वर ज्या पहिल्या मर्यादेबद्दल बोललो, खर्ज आणि मधल्या सुरांच्या नसलेल्या भिंतीबद्दल, ती इथे बांधता येते: 250 हर्ट्झच्या आसपास रुंद असा 2 डेसिबलचा उतार द्या आणि 80 हर्ट्झखाली 2 डेसिबलचा लो-शेल्फ (त्याखालचं सगळं एकसारखं उचलणारा फिल्टर) चढवा. एकूण पातळी तेवढीच खाली घ्या, नाहीतर डिजिटल सिग्नल कापला जाईल. डायनॅमिक हे हसत घेतो. बीएवर शेल्फ चढवताना मात्र हात आखडता ठेवा.

ट्रेबलसाठी दुसऱ्याच्या आलेखावरून सेटिंग उचलू नका. 5 ते 12 किलोहर्ट्झमधून संथ सरकणारा सूर हळू आवाजात वाजवा, जिथे तो अचानक टोचेल तो तुमच्या कानातला सुळका. तिथे अरुंद फिल्टरने 3 ते 4 डेसिबल कापा. टिप बदलली की जागा हलते, पुन्हा शोधावी लागते.

तुम्हाला दोन इअरफोनची तुलना स्वतः करायची असेल, तर आधी आवाजाची पातळी जुळवा. अर्धा डेसिबल मोठा असलेला इअरफोन कानाला "मोठा" वाटत नाही, "स्पष्ट" वाटतो, आणि तिथेच माणूस फसतो. मीही फसलो आहे: एका वादकाला चार ड्रायव्हरचा मॉनिटर त्याच्या जुन्या एकेरीपेक्षा किती खुला आहे हे पटवून दिलं, आणि नंतर मोजल्यावर कळलं की तो 2 डेसिबल मोठा वाजत होता. जुळवून ऐकवल्यावर त्याने जुनाच ठेवला. संवेदनशीलतेचे आकडे बघून पातळी जुळत नाही, कारण ते बहुधा दर मिलिवॉटला दिलेले असतात. दोन इअरफोन 105 डेसिबल प्रति मिलिवॉट असले तरी 16 ओहमचा, त्याच व्होल्टेजवर, 32 ओहमच्यापेक्षा 3 डेसिबल मोठा वाजतो. मोजायचं साधन नसेल तर 500 हर्ट्झचा सूर दोन्हींत आळीपाळीने ऐकून पातळी कानाने बसवा. अचूक येणार नाही, पण न जुळवण्यापेक्षा कितीतरी बरं.

मग सील तपासा. 500 हर्ट्झचा सूर ऐकून त्याच पातळीवर 40 हर्ट्झचा लावा. खालचा सूर जवळजवळ गायब झाला तर फट आहे. टिप बोटाने हलकी दाबल्यावर खर्ज एकदम अवतरला तर नक्कीच आहे. हे दोन्ही कानांत वेगवेगळं करा. डावा आणि उजवा कान एका मापाचे असतात असं गृहीत धरू नका, मी स्वतः दोन बाजूंना दोन मापांच्या टिप वापरतो.

तर तुमच्या मूळ प्रश्नाकडे. आवाज आवडतो आहे, तर सहा ड्रायव्हरच्या मागे लागायचं कारण मला दिसत नाही. पुन्हा एकेरीच घ्यायचा झाला तर: ड्रम, खर्ज, सिनेमाचं संगीत, मोठ्या पातळीवर ऐकणं, हालचाल करत ऐकणं, यासाठी डायनॅमिक. गोंगाटात हळू आवाजात बोलणं किंवा गाणं नेमकं ऐकायचं असेल, कानात खोल घालायची तयारी असेल, तर एकेरी बीएला तोड नाही. हळू आवाज हा मुद्दा छोटा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबात मोठ्या माणसाला 80 डेसिबल आठवड्याला 40 तास चालतात, आणि दर 3 डेसिबलला ती वेळ निम्मी होते. बाहेरचा गोंगाट 30 डेसिबलने अडला तर आवाज वाढवायची गरजच पडत नाही.

आणि डावी बाजू. ड्रायव्हर गेला असं ठरवण्याआधी केबल सुटी होत असेल तर डावी-उजवी अदलाबदल करून बघा. दोष केबलबरोबर फिरला तर केबल किंवा जोडाचा प्रश्न. फिरला नाही तर नोझलची जाळी भिंगाखाली बघा. दहातल्या बहुतेक वेळी तिथे मळ असतो. जाळी अर्धवट बुजली की मधले आणि वरचे सूर खाली येतात आणि ती बाजू दूर गेल्यासारखी वाटते. उलट पुढचं बारीक भोक बुजलं तर त्या बाजूचा खर्ज वाढतो. एकदा एका एकेरी बीएचा ड्रायव्हर मेला म्हणून मी नवा मागवून मोकळा झालो होतो, आणि जुना काढताना फिल्टर निघाला पूर्ण बुजलेला. ड्रायव्हर ठणठणीत. तेव्हापासून आधी फिल्टर. टिप काढा, इअरफोन नोझल खाली करून धरा, म्हणजे सुटलेला मळ आत पडणार नाही, आणि कोरड्या मऊ ब्रशने जाळी झाडा. सुई घालू नका, आणि पाणी किंवा अल्कोहोल थेट नोझलमध्ये सोडू नका. जाळी चिकटवलेली असेल आणि तरीही मोकळी होत नसेल तर ती उचकटून नवी बसवता येते, पण दोन्ही बाजूंची एकदम बदला आणि एकाच प्रकारची लावा. एका बाजूची जाळी जरा जाड पडली तरी गायक कायमचा मधल्या जागेवरून सरकून बसतो.